आतोबांची थंडी

हैदराबादला थंडी पडते ही गोष्ट उभ्या जगात एकाच माणसाला पुरती ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे माझे आतोबा, आत्याचे यजमान. बाकीच्यांना ती ऐकून माहीत होती, आणि तीही आतोबांकडूनच ऐकून. दिवाळी सरली तरी गौलीगुड्याच्या आमच्या गल्लीत लोक सदऱ्याची वरची बटणे उघडी टाकून ओट्यावर शेंगा फोडत बसलेले असत, आणि त्यांच्यामधून आतोबा कानटोपी, मफलर, रुई भरलेली बंडी, तिच्यावर शेरवानी आणि पायांत लोकरी मोजे अशा थाटात कचेरीला निघत. कुणी विचारलेच, "काय साहेब, तब्येत बरी नाही का?" तर ते थांबत, विचारणाऱ्याकडे दयेने पाहत आणि म्हणत, "तब्येत ठीक आहे. मोसम ठीक नाही. जरा गौर करा." एवढे बोलून ते पुढे जात, आणि तो बिचारा उगीचच वर आभाळाकडे बघत राही.

आतोबा महसूल कचेरीच्या दफ्तरखान्यात होते. जुन्या रियासतीचे कागद सांभाळण्यात त्यांची पंचवीस वर्षे गेली होती. शिक्षण सगळे उर्दूतून झालेले, त्यामुळे हवापाण्याबद्दल बोलतानाही त्यांना अदब सोडवत नसे. "दिल्लीची थंडी उजड्ड," ते सांगत. "आरडाओरडा करत येते, माणूस आधीच सावध होतो. आपली थंडी शरीफ आहे. आवाज न करता येते, बाजूला बसते, आणि तुम्ही गाफील असलात की हाडात शिरते." दिल्ली त्यांनी पाहिलेली नव्हती. खरे म्हणजे उत्तरेला ते परभणीच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण ही अडचण त्यांना कधी जाणवली नाही आणि त्यांच्या समोर ती बोलून दाखवायची आमची छाती नव्हती.

तुळशीचे लग्न लागले की दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी थंडीचा इंतजाम सुरू होई. पहिला मान पिंजारी चाचांचा. बेगम बाजाराकडून ते खांद्यावर भले मोठे पिंजण टाकून येत, आणि मग दोन दिवस त्याच्या तांतीच्या आवाजाने गल्ली घुमत राही आणि आत्याच्या फोडणीत, केसांत, देवांच्या डोक्यावर सगळीकडे कापूस दिसू लागे. आतोबा समोर खुर्ची टाकून बसत. "चाचा, जरा जोरात," असे ते म्हणाले की चाचा हात थांबवून शांतपणे सांगत, "साब, रुई को मारना नै, जगाना पडता." हे उत्तर आतोबांना दर वर्षी नवे वाटे आणि दर वर्षी ते आत्याला आत जाऊन सांगत. रजई भरून, टाचून झाली की तिची परीक्षा होई. भर दुपारी अंगणातल्या उन्हात चटईवर आतोबा निजत, चाचा त्यांच्यावर रजई घालत, आणि घड्याळ हातात देऊन मला शेजारी बसवले जाई. दहा मिनिटांत कपाळाला घाम आला तर रजई पास. उन्हात दहा मिनिटे कुणीही नुसते निजले तरी घाम येईल, असे आत्या स्वयंपाकघरातून म्हणे. "तिला शास्त्र कळत नाही," आतोबा रजईखालून उत्तर देत, "किती झाली?"

मग घराची पाळी. थंडी दारातून येते असे अडाणी लोक समजतात. ती फरशीतून चढते, हे आतोबांचे संशोधन होते. म्हणून शहाबादी फरशीवर आधी गोणपाट, त्यावर सतरंजी, त्यावर घोंगडी असे थर पडत. घरात चालताना पाय असे रुतत की आलेला माणूस आधी दाराशी अडखळे आणि मग नमस्कार करी. दारांना गोधड्यांचे पडदे लागत. खिडक्यांच्या फटींवर ते स्वतः खळ लावून वर्तमानपत्रांच्या पट्ट्या चिकटवत, आणि त्या पट्ट्या रथसप्तमीपर्यंत निघत नसत. आम्ही पोरे त्या खिडक्यांवरच थोडेफार उर्दू वाचायला शिकलो. एवढा बंदोबस्त केल्यावर संध्याकाळी शेगडी पेटे, आणि शेगडी पेटली की आतोबा दार उघडे टाकत. कोंडलेल्या खोलीत कोळसा पेटवायचा नाही, माणूस झोपेतच जातो, हा त्यांचा कडक नियम होता आणि तो बरोबरही होता. त्यामुळे दिवसभर बाहेर अडवलेली सगळी थंडी संध्याकाळी दारातून राजरोस आत येई, आणि आतोबा शेगडीशी हात चोळत समाधानाने म्हणत, "बघा, इतका इंतजाम करूनसुद्धा किती आहे."

जुन्या बाजारातून त्यांनी एक थर्मामीटर आणला होता. तो सुरुवातीला अंगणात तुळशीपाशी टांगला, पण तिथला आकडा त्यांना पसंत पडला नाही. मग तो उत्तरेच्या भिंतीवर गेला, मग मोरीत, आणि शेवटी ओले फडके गुंडाळलेल्या रांजणाच्या अगदी पोटाशी त्याला कायमची जागा मिळाली. तिथे तो खरे बोलतो, असे आतोबांचे मत होते. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी तिथे नेले जाई आणि रांजणाशी वाकवून पारा दाखवला जाई.

आमच्या दृष्टीने या सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे फळीवरचा पितळी डबा. त्यात डिंकाचे लाडू असत, आणि ते औषध म्हणून असत. थंडी वाजणाऱ्यालाच लाडू, इतरांना नाही. त्यामुळे गल्लीतली आम्ही सगळी पोरे फार लवकर थंडी वाजवून घ्यायला शिकलो. आतोबा कचेरीतून येताना दिसले की आम्ही ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसत असू आणि दात वाजवत असू. दात वाजवण्यात माझा हात धरणारे कुणी नव्हते. ते पाहताच आतोबांचा चेहरा काळजीने आणि आनंदाने एकदमच भरून येई, हात फळीकडे जाई, आणि ते आत्याला म्हणत, "पोरं कशी गारठलीत बघ. आणि लोक म्हणतात, हैदराबादला थंडी नाही." आत्या आमच्याकडे बघून डोळे मोठे करी, पण तिने आमचे बिंग कधी फोडले नाही.

मला मात्र त्यांच्या थंडीवर हसायचा हक्क नाही, हे मी हसता हसताच कबूल करते. माझा जन्म त्यांच्याच घरातला, पौषातला आणि सातव्या महिन्यातला. आईला माहेरी न्यायचे ठरायच्या आतच मी येऊन ठेपले, आणि आमचे घर चार दारे सोडून असले तरी आत्याकडे बसायला आलेल्या आईला तिथेच निजवावे लागले. सुईणबाईंनी मला बघून मान हलवली. वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, हैदराबादला कसली थंडी, दुपट्यात गुंडाळून ठेवा. आतोबांनी माझी निळसर नखे पाहिली आणि कुणाशी वाद न घालता ते बेगम बाजारात जाऊन चाचांना घेऊन आले. एका पाटीत पिंजलेला कापूस, भोवती फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटा, खिडक्यांना कागद, बाहेर ओसरीत शेगडी. तासातासाने विटा बदलायच्या. नोकरी नवी असून त्यांनी रजा काढली आणि चाळीस दिवस त्या विटा दुसऱ्या कुणाला बदलू दिल्या नाहीत. त्या दोघांना मूलबाळ झाले नाही. जे काही जगवले ते मला. ज्या थंडीशी आपण चाळीस दिवस झुंजलो, तिला कुणी 'कसली थंडी' म्हटलेले त्यांना खपत नसे. मला तरी ते का खपावे?

एकदा डिसेंबरात पुण्याहून त्यांचे एक चुलतभाऊ आले. आल्या आल्या कोट काढून त्यांनी विचारले, "इथे पंखा नाही का?" तो प्रश्न आतोबांना झोंबला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी पाहुण्यांना उठवले आणि "आमच्याकडे हीच पद्धत आहे" असे सांगून अंगणातल्या हौदाच्या पाण्याने अंघोळ करायला लावली. न्याहारीला पाहुणे लागोपाठ तीनदा शिंकले. आतोबांनी स्वतः उठून त्यांच्या ताटात दोन लाडू वाढले, पाठीवर हात फिरवला आणि कचेरीत जाता जाता गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर ही बातमी दिली. पाहुणे मात्र स्टेशनवर जाईपर्यंत माझ्या वडिलांना सांगत होते की त्यांच्या नाकात कापूस गेला होता.

आणि मग राज्य मोडायची वेळ आली. भाषेप्रमाणे प्रांत होणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, हैदराबाद आंध्राकडे, हे सगळे आम्ही खिडक्यांवरच्या पट्ट्यांवर तुकड्यातुकड्यांनी वाचत होतो. आतोबा ती वर्तमानपत्रे आधी वाचत आणि मग खळ लावून चिकटवून टाकत, जणू फटीबरोबर बातमीही बंद होणार होती. पण कचेरीत याद्या लागल्या. ज्यांची भाषा मराठी, त्यांना मुंबई राज्यात जावे लागेल. कुणाची हरकत असेल तर त्याने कारणासह अर्ज करावा. कुणी आजारी आईचे कारण दिले, कुणी मुलांच्या शाळेचे. आतोबांनी चार पानी अर्ज लिहिला आणि त्यात फक्त थंडी लिहिली. अर्जदाराची प्रकृती थंड हवेत घडलेली आहे, उष्ण आणि दमट मुलूख तिला सोसणार नाही, सबब अर्जदारास हैदराबादेतच राहू द्यावे. त्यांनी तो मला वाचून दाखवला तेव्हा मी नुकतीच हिमायतनगरच्या शाळेत शिकवायला लागले होते. मी म्हटले, "आतोबा, आत्याच्या सांधेदुखीचं लिहा ना काही." ते म्हणाले, "बेटा, खरं कारण असताना खोटं कशाला?"

अर्ज ज्या साहेबांच्या पुढ्यात गेला ते बाहेरून आलेले होते आणि स्वभावाने फार चांगले होते. सगळा घोटाळा त्यांच्या चांगुलपणामुळेच झाला. त्यांनी आतोबांना बोलावले, बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुम्हाला थंड हवा लागते हे कळलं. पण मग हैदराबादला कशाला राहता? इथे कसली थंडी? मी तुम्हाला मुंबईला न पाठवता नाशिकला टाकतो. तिथे खरी थंडी असते." कचेरीतल्या लोकांनी आतोबांचे अभिनंदन केले. मुंबईत बिऱ्हाड मिळत नाही म्हणून लोक रडत होते आणि यांना मागितल्यासारखे नाशिक मिळाले होते. आतोबा घरी आले, शेरवानी न काढता सतरंजीवर बसले. आत्याने पाणी दिले ते हातातच राहिले. म्हणाले, "बदलीचं एवढं नाही. सगळेच चाललेत. पण साहेब माझ्या तोंडावर म्हणाले, इथे कसली थंडी." त्यांना तसे बसलेले पाहून मला पहिल्यांदाच त्या परक्या चांगल्या माणसाचा खराखुरा राग आला.

निघताना त्यांनी थंडीचे सगळे सामान वाटून टाकले. शेगडी आमच्याकडे आली, घोंगड्या शेजारी गेल्या, थर्मामीटर रांजणासकट मागच्या घरातल्या वकीलसाहेबांना दिला. पितळी डबा तेवढा आत्याने सोडला नाही. आत्या म्हणाली, "अहो, नाशिकला लागंल की हे." तेव्हा ते म्हणाले, "नाशिकला काय थंडी आहे?" आपली सगळ्यात चांगली, निळ्या छिटाची रजई त्यांनी माझ्या हातांवर ठेवली. "ही इथल्या थंडीसाठी भरलेली आहे. इथेच राहू दे." काचीगुड्याच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा त्यांच्या अंगात नुसता मलमलचा सदरा होता. इतक्या वर्षांत मी त्यांचा गळा थंडीच्या दिवसांत उघडा कधी पाहिला नव्हता, आणि तो इतका बारीक असेल असे मला वाटले नव्हते.

पुढच्या वर्षी डिसेंबरात आत्या एकटीच माहेरपणाला आली ती काळजी घेऊन आली. "मागच्या थंडीत दोनदा छातीत कफ झाला, पोरी," ती मला म्हणाली. "डाक्टर म्हणले, आता जपा. हे अंगावर काही घ्यायलाच तयार नाहीत. गाव सारं शेकोट्या करू करू बसतंय, आणि हे मलमलचा सदरा घालून खिडक्या उघडायलेत. बोललं की म्हणतात, मला नाही वाजत. तूच ये आता. तुझं ऐकले तर ऐकतील." मी निळी रजई काढली आणि चाचांना बोलावले. चाचा आता थकले होते, पण त्यांनी रजई उसवून कापूस हातात घेतला आणि लगेच ओळखली. "साब की है ना, बीबी?" मी हो म्हटले. ते पिंजण जुळवत म्हणाले, "साब गये तो सर्दी बी उनके साथ चली गई समझो. अब कोई बुलाताच नै." त्यांनी त्या एका रजईला अख्खा दिवस लावला.

शाळेच्या नाताळच्या सुट्टीत मी आत्याबरोबर निघाले. काचीगुड्याहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून नाशिकरोड. दुपारी उतरलो तरी वारा अंगाला चावत होता. हमाल डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीत होते आणि त्यांच्यामध्ये आतोबा मलमलच्या सदऱ्यात उभे होते, हात काखेत घालून, जणू ती त्यांची जुनी सवयच असावी. "प्रवास बरा झाला ना?" ते म्हणाले. "इथल्या लोकांचे नखरे बघ. जरा हवा सुटली की गुंडाळून बसतात." बोलताना त्यांना खोकला आला, तो त्यांनी तोंड फिरवून संपवला.

घरी फरशी उघडी होती. खिडक्या सताड उघड्या होत्या, उत्तरेकडचीसुद्धा. कागदाची एक पट्टी सुटली म्हणून जो माणूस मला रागावला होता तोच माणूस त्या खिडकीशी बसून म्हणत होता, "हवा खेळू द्यावी." आत्या दोन शाली घेऊन फिरत होती आणि वाताचा त्रास आहे असे सांगत होती, कारण थंडी हा शब्द त्या घरात उच्चारायची चोरी होती. तेवढ्यात माझे दात वाजले. इतकी वर्षे खोटे वाजवलेले दात त्या दिवशी आपल्या आपणच वाजले. मी जबडा आवळून धरला, पण आतोबांनी ऐकले होते. त्यांचा हात सवयीने फळीकडे गेला, पितळी डब्याला लागला, आणि तिथेच थांबला. लाडू दिला असता तर नाशिकला थंडी आहे असे झाले असते. त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता ते परत खिडकीशी जाऊन बसले.

त्यांचे ओठ निळसर दिसत होते. 'आतोबा, हट्ट सोडा' असे म्हणायचे मी गाडीत ठरवून आले होते, पण ते तसे बसलेले पाहून मला कळले की हे त्यांना सांगायचे नाही. इथे थंडी वाजते असे ते एकदा म्हणाले असते तर ते साहेब खरे ठरले असते, आणि आपली सारी थंडी, माझ्या चाळीस दिवसांसकट, खोटी पडली असती. त्यांनीच मग विचारले, अगदी सहज विचारल्यासारखे, "तिकडे काय हाल आहे?"

त्या वर्षी हैदराबादला आम्ही डिसेंबरात खिडक्या उघड्या टाकून निजत होतो. मी म्हटले, "तिकडचं काही विचारूच नका. अशी थंडी कुणी पाहिली नव्हती. शाळेत पोरींच्या हातात खडू धरवत नाही. गल्लीत सगळ्यांनी खिडक्यांना कागद लावलेत. तुमचा तो थर्मामीटर, वकीलसाहेब म्हणतात, त्यात पारा कुठं गेला तेच दिसत नाही. चाचांना तर फुरसतच नाही. मला म्हणाले, साहेब बरोबर सांगत होते."

आतोबा खिडकीपासून वळले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा तो जुना चेहरा पाहिला, काळजीने आणि आनंदाने एकदमच भरलेला. "चाचा असं म्हणाले?"

"हौ. म्हणाले, असली सर्दी साऱ्या मुलखात नै."

"मी सांगत नव्हतो?" ते आत्याला म्हणाले. आत्याने मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. "आणि त्या थंडीत तू रजई सोडून इकडे आलीस?"

"बरोबर आणलीय. चाचांनी परवाच पिंजून दिली. पण पास कोण करणार? तिकडे कुणाला कळतं त्यातलं?"

मी वळकटी सोडली. आतोबा जवळ आले, त्यांनी रजईच्या कोपऱ्यातला कापूस दोन बोटांत चाचपला, टाके पाहिले. "काम बरं दिसतंय," ते म्हणाले. "पण परीक्षा घ्यायला पाहिजे. टाक चटई." उन्हे भिंतीवर चढली होती, खोलीत ऊन नव्हतेच, पण त्याबद्दल कुणी बोलले नाही. ते चटईवर निजले, मी रजई त्यांच्या हनुवटीपर्यंत घातली, आणि त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून माझ्या हातात दिले. ते देताना त्यांची बोटे माझ्या हाताला लागली. ती त्या विटांच्या जोरावर जगलेल्या माझ्या हातांपेक्षा कितीतरी गार होती.

"दहा मिनिटं," त्यांनी बजावले. "आधी नाही, नंतर नाही."

थोड्या वेळाने रजईखालून एकदा आवाज आला, "किती झाली?" मी म्हटले, "चार." मग आवाज आला नाही. त्यांचे खांदे सैल झाले, श्वास लांब झाला, आणि कपाळाच्या कडेला बारीकसा ओलावा दिसू लागला. रजई पास झाली होती. आत्या उठली आणि तिने पाय न वाजवता जाऊन उत्तरेची खिडकी लावून घेतली.

दहा मिनिटे केव्हाच होऊन गेली होती. घड्याळ हातात धरून मी तशीच बसून राहिले, आणि वेळ झाल्याचे मी काही त्यांना सांगितले नाही.